दोनशे दहा दिवसांची आठवण

ओटीपी काही मिनिटं जगतो. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस २४ तास. रिचार्ज २८ दिवस, म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज. दुधाच्या पिशवीवर, गोळ्यांच्या पाकिटावर, बसच्या पासावर, सगळीकडे एक तारीख छापलेली. आपल्या पिढीला मुदत संपणं म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. पण ती मुदत ठरवली कुणी आणि कुणाच्या सोयीनं ठरवली, हे आपण सहसा विचारत नाही.

मला विचारावं लागतं, कारण माझा पगारच त्याचा येतो. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत रूल इंजिनवर काम करते. नाव भारी आहे, काम साधं आहे. ‘असं असं झालं तर तसं तसं कर’ असे शेकडो नियम लिहून ठेवायचे. मग बाहेरून माहिती येत राहते आणि कुठला नियम कधी लागू होतो ते इंजिन ठरवतं. आम्ही ड्रूल्स वापरतो. ते जावामध्ये लिहिलेलं आहे, २००१ मध्ये सुरू झालं आणि कुणालाही फुकट वापरता येतं. त्याच्या पोटात जी युक्ती आहे ती मात्र त्याहून जुनी. चार्ल्स फोर्गी नावाच्या संशोधकानं ती १९७० च्या दशकात कार्नेगी मेलनमध्ये शोधली आणि तिला रेटे म्हटलं. लॅटिनमध्ये रेटे म्हणजे जाळं. प्रत्येक नवी माहिती आली की सगळे नियम पहिल्यापासून तपासत बसायचं नाही. अर्धवट जुळलेलं जाळ्यात अडकवून ठेवायचं आणि उरलेला तुकडा येण्याची वाट बघायची.

ही वाट बघणंच महाग पडतं. एक उदाहरण घ्या. औषधं नेणारी थंड गाडी चाकणहून निघाली. नियम असा, की मागचं दार उघडलं आणि १० मिनिटांत बंद झालं नाही तर मालकाला मेसेज पाठव. आता ‘दार उघडलं’ हा इव्हेंट इंजिननं किती वेळ लक्षात ठेवायचा? १० मिनिटं. त्याच्या आत ‘दार बंद झालं’ आलं तर प्रश्न मिटला, नाही आलं तर मेसेज गेला. अकराव्या मिनिटाला त्या इव्हेंटचा कुणालाच उपयोग नाही. त्याला मेमरीतून जाऊ द्यायचं. यालाच इव्हेंट एक्स्पायर होणं म्हणतात.

ड्रूल्समध्ये फॅक्ट आणि इव्हेंट वेगळे असतात. गाडीचा नंबर, मालकाचं नाव हे फॅक्ट. बदलेपर्यंत ते राहतात. इव्हेंट म्हणजे घडून गेलेली गोष्ट. तिला वेळेचा शिक्का असतो आणि घडलेलं बदलत नाही. म्हणूनच तिला मुदत देता येते. मुदत द्यायचे रस्ते दोन. एक, इंजिनवर सोडून द्या. ते सगळे नियम वाचतं, त्यातली वेळेची बंधनं बघतं आणि ज्या नियमाला हा इव्हेंट सगळ्यात जास्त वेळ लागणार आहे तेवढा वेळ तो सांभाळतं. दोन, स्वतः लिहा, की हा इव्हेंट इतक्या वेळानं एक्स्पायर होईल. स्वतः लिहिलंत तर सहसा तुमचाच शब्द शेवटचा. नियमांची गरज जास्त असली तरी इंजिन तुमची तारीख पाळतं. तुमची मुदत फक्त ‘दुसरं काही ठरवता येत नसेल तर’ वापर, असंही सांगता येतं, पण ते मुद्दाम सांगावं लागतं. आणि हे सगळं इंजिन स्ट्रीम मोडमध्ये असेल तरच. दुसऱ्या मोडमध्ये त्याला ‘आत्ता’ ही कल्पनाच नसते, तिथे जुनं झालेलं हातानं काढावं लागतं.

मुदत जास्त ठेवली तर मेमरी भरत जाते आणि एका रात्री सर्व्हर पडतो. ते निदान कळतं, फोन वाजतात. मुदत कमी ठेवली तर मात्र काहीच होत नाही. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. नियम जागेवर असतो, वाचायला अगदी बरोबर असतो आणि कधीच चालत नाही. कारण त्याला हवा असलेला जुना तुकडा नवा तुकडा यायच्या आधीच गेलेला असतो.

आता जरा चऱ्होलीत या.

आम्ही चऱ्होली बुद्रुकला राहतो. इंद्रायणीच्या अलीकडे. पलीकडे चऱ्होली खुर्द, ते खेड तालुक्यात. आमचं गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. वाघेश्वराचं देऊळ, जुनं गावठाण, त्याला लागून उसाचे उरलेले तुकडे आणि त्यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या सोसायट्या. आळंदी हाकेच्या अंतरावर. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते तेव्हा फाट्यावर पाय ठेवायला जागा नसते. बाकी वर्षभर त्याच फाट्यावर पहाटे साडेपाचला दुसरी गर्दी असते. पाठीला सॅक, गळ्यात आयकार्ड, कानात इअरफोन. कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरं. लातूर, नांदेड, परभणी, बुलढाणा, वाशिम. एका खोलीत चार-चार जण. भाडं डोकी मोजून वाटलेलं.

माझा मावसभाऊ त्यांच्यातलाच. लातूरकडचा, आयटीआय केलेला. पाच मिनिटांच्या अंतरावर खोली घेऊन राहतो आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. चाकणच्या एका कारखान्यात लाइनवर आहे. ‘कंपनीत आहे’ असं गावाकडे सांगतात, पण तो कंपनीचा नाही, ठेकेदाराचा. आईनं एकदा विचारलं, “तू परमनंट कधी होणार रे?” दादा भाकरी मोडत म्हणाला, “मावशी, सात महिने झाले की ब्रेक देतात. ब्रेक म्हणजे सगळं शून्य. मग नवा ठेकेदार, नवं कार्ड, पुन्हा पहिला दिवस.”

सात महिनेच का, हे तेव्हा मी विचारलं नव्हतं. या पट्ट्यात सगळ्यांनाच ते इतकं पाठ आहे की त्याला कारण असेल असं वाटत नाही. पावसाळा चार महिन्यांचा, तसा ठेका सात महिन्यांचा.

कारण आहे, आणि तो एक आकडा आहे. २४०.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५-ब आहे. हिशोब ज्या तारखेला करायचा तिच्या आधीच्या १२ कॅलेंडर महिन्यांत कामगारानं एका मालकाकडे २४० दिवस प्रत्यक्ष काम केलं असेल, तर त्याची एक वर्ष सलग सेवा झाली असं धरायचं. तेवढ्यानं कुणी आपोआप कायम होत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. पण सलग सेवा झाली की काढताना नोटीस किंवा नोटिशीचा पगार लागतो, भरपाई लागते. महाराष्ट्रातल्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये तर हंगामी नसलेल्या आस्थापनेत बदली किंवा तात्पुरत्या कामगारानं २४० दिवस भरले तर त्याला कायम करावं, असंही कलम होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. २४० चा आकडा तिच्यातही आहे.

१९८५ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की २४० मोजताना पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्याही धरायच्या. म्हणजे १ जानेवारीला लागलेला माणूस ऑगस्टच्या शेवटी २४० ओलांडतो. ३१ जुलैला त्याचे २१२ होतात. आठवा महिना धोक्याचा, सातवा सुरक्षित. सात महिने इथून आले.

हे सगळं मला ठाऊक झालं ते कायद्याच्या पुस्तकातून नाही, एका तिकिटातून. आमच्याकडे कामाला तिकीट म्हणतात. मागच्या वर्षी आमच्या टीमकडे एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं काम आलं. हजारो कामगार, अनेक कारखाने, गेटवर पंचिंग. त्यांना हजेरीवर नियम हवे होते. दिवसाला एका माणसाचा एक हजेरी-इव्हेंट. पहिला नियम, १८० दिवस झाले की सुपरवायझरला यादी पाठव. यादीचं नाव सरळ ‘ब्रेक लिस्ट’. दुसरा नियम ऑडिटच्या रिपोर्टसाठी, मागच्या १२ महिन्यांत २४० दिवस भरलेले कामगार दाखव. आणि तिसऱ्या ओळीत, मेमरी वाचवण्यासाठी, हजेरीचा इव्हेंट २१० दिवसांनी एक्स्पायर कर.

तिसरी ओळ मी दोनदा वाचली.

नियमाला ३६५ दिवस मागे बघायचं आहे. त्याला २४० हजेऱ्या मोजायच्या आहेत. पण कुठलीही हजेरी २१० दिवसांपेक्षा जास्त जगणारच नाही. मग मेमरीत एका माणसाच्या जास्तीत जास्त २१० हजेऱ्या असतील. तो रोज आला, दहा वर्षं आला, तरी २१०. दुसरा नियम कधीच चालणार नाही. रिपोर्टमध्ये दर महिन्याला शून्य येईल. आणि नियम उघडून बघणाऱ्या कुणालाही तिथे कायद्याचा आकडा जसाच्या तसा दिसेल, २४०, १२ महिने. खोटं कुठेच लिहिलेलं नसेल.

हे मुद्दाम होतं की कुणीतरी ‘सात महिने म्हणजे २१०’ असं सहज टाकलं होतं, हे मला सांगता येणार नाही. मेमरीची काळजी खरी होती. ३,००० माणसं आणि ३६५ दिवस म्हटलं तरी जवळपास ११ लाख इव्हेंट होतात. पण त्यावर उपाय आहेत. रोजच्या हजेऱ्या धरून ठेवण्याऐवजी प्रत्येक महिन्याची बेरीज ठेवता येते.

मी वाद घालण्याआधी टेस्ट लिहिली. ड्रूल्समध्ये स्यूडो क्लॉक नावाची एक सोय आहे. खऱ्या घड्याळाऐवजी खोटं घड्याळ लावायचं आणि ते हातानं पुढे ढकलायचं. त्यामुळे वर्षभराचा नियम तपासायला वर्ष थांबावं लागत नाही, दोन सेकंदांत वर्ष जातं. मी त्यात दादाच्या पद्धतीचं वर्ष भरलं. १ जानेवारीला लागला. ३१ जुलैला ब्रेक. ऑगस्टभर घरी. १ सप्टेंबरला पुन्हा त्याच एजन्सीकडे.

एक्स्पायरी २१० ठेवून चालवलं. डिसेंबर संपला तरी काही नाही.

एक्स्पायरी काढून टाकली, मुदत इंजिनला ठरवू दिली. घड्याळ पुढे सरकत गेलं आणि २८ सप्टेंबरला नियम चालला. आधीचे २१२ आणि सप्टेंबरचे २८. बरोबर २४०.

स्क्रीनवर ती तारीख बघताना दादाचं रविवारचं वाक्य आठवलं. ब्रेक म्हणजे सगळं शून्य. कायद्यात तसं नाहीच. १२ महिन्यांची ती खिडकी सरकती आहे. ती प्रत्येक दिवशी मागच्या १२ महिन्यांकडे बघते. मध्ये महिनाभर रिकामा गेला म्हणून आधीचे दिवस पुसले जात नाहीत, ते १२ महिन्यांपेक्षा जुने झाले तरच खिडकीबाहेर जातात. ‘सगळं शून्य’ हे कलम २५-ब मध्ये कुठेही लिहिलेलं नाही. ते ठेकेदाराच्या सुपरवायझरनं सांगितलं, खोलीतल्या जुन्या पोरानं नव्या पोराला सांगितलं आणि फाट्यावरच्या सगळ्यांनी खरं मानलं.

कॉलवर मी टेस्टचे दोन्ही निकाल दाखवले. एजन्सीच्या माणसाचा आवाज शांत होता. तो म्हणाला, “मॅडम, रिजॉइन झाल्यावर एम्प्लॉयी कोड नवीन असतो. त्यामुळे ही केस येणारच नाही.” आमच्या लीडनं मध्ये पडून एवढंच सांगितलं, की जो नियम कधीच चालू शकत नाही त्याच्यावर आधारलेला ऑडिट रिपोर्ट आम्ही आमच्या नावानं देऊ शकत नाही. एक्स्पायरी बदलली. मुदत आता वर्षाहून थोडी जास्त आहे, लीप वर्षाचा दिवस धरून. तेवढं झालं.

कोडचं मात्र त्याचंच खरं होतं. इंजिनला माणूस दिसत नाही, कोड दिसतो. जुन्या कोडाच्या २१२ हजेऱ्या मेमरीत सुखरूप असतात आणि नवा कोड शून्यापासून मोजत असतो. दोन्ही एकाच माणसाच्या आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. आम्ही आधार किंवा पीएफच्या नंबरावर जोडणी करू शकतो असं सुचवलं. ‘स्कोपमध्ये नाही’ असं उत्तर आलं आणि तिकीट बंद झालं. ब्रेक लिस्टचा नियम चालू आहे. तो व्यवस्थित चालतो.

मग त्या रात्री मी वाचत बसले. महाराष्ट्राचा १९७१ चा एक कायदा आहे, कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांबद्दलचा. त्याच्या चौथ्या परिशिष्टात अनुचित प्रथांची यादी आहे. कायम कामगाराचा दर्जा मिळू नये या हेतूनं माणसांना वर्षानुवर्षं बदली, हंगामी किंवा तात्पुरतं ठेवणं, ही त्यातली एक. म्हणजे दादाची गोष्ट कायदा लिहिणाऱ्यांना ५० वर्षांपूर्वी माहीत होती. दुसऱ्या बाजूला हेही वाचलं, की ठरल्या मुदतीचा करार संपून नोकरी गेली तर ती कपात धरली जात नाही, अशी दुरुस्ती १९८४ मध्ये झाली. आणि वेगवेगळे ठेकेदार म्हणजे कागदावर वेगवेगळे मालक. ठेका केवळ दाखवण्यापुरता होता हे सिद्ध करावं लागतं. रस्ता सरळ नाही.

सगळ्यात जास्त थांबले ते एका निकालावर. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं वनखात्याच्या एका रोजंदारी कामगाराच्या प्रकरणात सांगितलं, की २४० दिवस काम केलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगाराची. नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. पगाराची पावती, नेमणुकीचा कागद, काहीतरी हवं. नंतरच्या एका निकालानं एवढी सोय ठेवली, की कामगार मालकाकडचं मस्टर कोर्टात मागवू शकतो. पण सुरुवात त्यानंच करायची. पंचिंग मशीन मालकाचं, सर्व्हर त्याचा, एक्स्पायरी त्यानं ठरवलेली. आठवण ठेवायचं काम मात्र ज्याच्याकडे काहीच ठेवायला दिलेलं नाही त्याचं.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर मी दादाला म्हटलं, “तुझा पीएफचा नंबर दे.”

“कशाला? त्यात काय असणार?”

यूएएन १२ आकड्यांचा असतो. २०१४ पासून एका माणसाला एकच, नोकऱ्या कितीही बदलल्या तरी तोच. दादाकडे तीन ठेकेदारांची तीन आयकार्डं होती, एक हरवलेलं. यूएएन एकच होता. उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडलं. प्रत्येक ठेकेदाराचा वेगळा मेंबर आयडी आणि त्याखाली कोणत्या महिन्याचे किती पैसे जमा झाले त्याच्या ओळी. दिवस नाही दिसत, पण महिने दिसतात. दादा त्या ओळींवरून बोट फिरवत राहिला. “हा जुना, भोसरीवाला. हा ज्याच्याकडे दिवाळीला मिठाई दिली होती. आणि हा आत्ताचा. अगं, पण गेट तर एकच आहे. मशीनसुद्धा तेच. माझ्या मशीनवर कोपऱ्यात मी खिळ्यानं नाव कोरलंय.”

आम्ही एक वही केली. फोनमध्ये ठेवूया म्हटलं तर तो म्हणाला नको, फोन बदलतो. शंभर पानी, निळ्या कव्हरची. एका बाजूला तारीख, मग शिफ्ट, मग ठेकेदाराचं नाव. मागचे महिने पासबुक, बँकेचे मेसेज आणि त्यानं आईला केलेल्या फोनवरून जेवढे जमले तेवढे भरले. कुठल्या महिन्यात पीएफ जमाच झाला नाही तेही लाल पेननं लिहिलं. पहिला ठेकेदार २१२. दुसरा २०९. तिसऱ्याकडे तेव्हा ६४ झाले होते. बेरीज ४८५. दादानं बेरीज स्वतः केली, परत केली आणि खाली रेघ ओढली.

आता त्याच्या खोलीतली दुसरी दोन पोरंही वही ठेवतात. एकानं गेटपासचे फोटो स्वतःलाच मेल करायला सुरुवात केली आहे. यातून काय होईल ते मला सांगता येत नाही. लेबर कोर्टात जाणाऱ्याला पुढच्या ठेकेदाराकडे कार्ड मिळत नाही, ही भीती फाट्यावर सगळ्यांना आहे आणि ती उगाच नाही. दादाला गावाकडे दर महिन्याला पैसे पाठवायचे असतात. त्याचं लग्न ठरवायचं चाललंय, आणि मुलीकडचे पहिला प्रश्न तोच विचारतात, परमनंट आहे का.

वहीतला आजचा आकडा १७८ आहे. परवा त्याचं नाव कुठल्यातरी सुपरवायझरच्या मोबाईलवर जाईल. ठेकेदार दुसरा आहे, पण यादी तशीच असणार. दादानं शनिवारी कामगारांचे खटले चालवणाऱ्या एका वकिलाची वेळ घेतली आहे. सेकंड शिफ्ट आहे, त्यामुळे सकाळी मोकळा असतो. मला म्हणाला, “तू ये सोबत. ते खिडकीचं तुला नीट सांगता येईल.”

मी सुट्टी टाकली आहे. वही त्याच्याच सॅकमध्ये आहे.